पेट्या विकायच्यात ना, मग आधी लिस्ट तपास

अरे, हापूसच्या पेट्यांसाठी मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या ईमेल पत्त्यांची लिस्ट मिळाली म्हणून देवगडातनं लगेच सगळ्यांना मेल ठोकू नकोस. आधी डुप्लिकेट काढ, कोणी ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’ टायपलंय का बघ, मग व्हेरिफायरमधनं, म्हणजे पत्ते तपासणाऱ्या टूलमधनं घाल, तो मेल न पाठवताच समोरच्या सर्व्हरला विचारतो की हा मेलबॉक्स आहे का. इनव्हॅलिड सरळ उडव. खरी गोची कॅच-ऑल डोमेनची (डोमेन म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग), ते कुठल्याही नावाला हो म्हणतात, मेलबॉक्स खरंच आहे का कळत नाही, म्हणून ते पत्ते वेगळे ठेवून थोडे थोडेच पाठव. ‘५५० ५.१.१’ (म्हणजे असा मेलबॉक्सच नाही) लिहून मेल परत आला की तो पत्ता कायमचा बाद. विकतची स्वस्त लिस्ट नकोच बाबा, पत्ते चालू असले तरी लोक स्पॅम दाबतात आणि जीमेल ते प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतं. गेल्या सीझनची लिस्ट असेल तर परत तपास, परचेसवाले नोकऱ्या बदलत असतात.