कन्स्ट्रेंट म्हणजे मर्यादा, निर्बंध की बंधन?

एका वाचकांचा प्रश्न आहे: "यंत्रांच्या हालचालींचं सिम्युलेशन करणाऱ्या 'ॲडम्स' या सॉफ्टवेअरवर मराठीत टिपण लिहितोय. 'यूजर कन्स्ट्रेंट सबरूटीन'ला 'सानुकूल मर्यादा उपदिनचर्या' म्हटलं तर चालेल का?"

सबरूटीन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला हवं तेव्हा बोलावता येणारा त्याचा छोटा तुकडा. 'उपदिनचर्या' वाचून पहाटे उठून दात घासणारं सबरूटीन डोळ्यांसमोर आलं! 'सानुकूल'ही मोबाइलच्या मेनूतून घुसलेला शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ आहे अनुकूल. पण हे दोन्ही शब्द वाचून माणूस फार तर हसेल. 'मर्यादा' मात्र त्याला चुकीचं गणित शिकवेल.

दाव्याला बांधलेली गाय आणि तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल आठवा. दावं दहा हातांचं असलं तर गाय दहा हातांच्या आत कुठेही चरेल, वाटलं तर खुंट्याला खेटून रवंथ करत बसेल. तिला आहे ती मर्यादा. बैलाला ही मुभा नाही. घाण्याची दांडी त्याला आतही येऊ देत नाही, बाहेरही जाऊ देत नाही. चालायचं ते त्याच वर्तुळावरून. गणितात लिहायचं तर क्ष² + य² − ल² = ० (क्ष आणि य ही बैलाची घाण्याच्या मध्यापासूनची आडवी-उभी अंतरं, ल दांडीची लांबी). गायीच्या बाबतीत बरोबरच्या चिन्हाजागी 'पेक्षा कमी किंवा बरोबर' येतं.

ॲडम्समधला कन्स्ट्रेंट बैलाच्या जातीचा. तयार सांध्यांत न बसणारा संबंध हवा असेल, तर आपण फोर्ट्रान किंवा सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'यूकोसब' लिहितो, म्हणजेच तुमचं यूजर कन्स्ट्रेंट सबरूटीन. ते बैलाच्या समीकरणासारख्या संबंधाच्या डाव्या बाजूची किंमत आणि तिची आंशिक डेरिव्हेटिव्ह (एकेक चल बदललं तर ती किती बदलते ते) देतं. ती किंमत शून्यावर धरून ठेवणं हे सॉल्व्हरचं, म्हणजे ॲडम्सच्या समीकरणं सोडवणाऱ्या भागाचं, काम. गायीसाठी तिथे वेगळीच सोय आहे: 'इम्पॅक्ट' फंक्शन. ते बल देतं, आणि तेही टोकाला टेकल्यावरच, तोवर शून्य. म्हणजे तुमच्या टिपणात 'मर्यादा' वाचून एखादी विद्यार्थिनी सरकत्या भागाला अडवणी घालायला यूकोसब लिहायला बसेल, आणि तो भाग पहिल्या क्षणापासून अडवणीला चिकटलेला दिसेल.

मग 'निर्बंध'? संस्कृतात त्याचा अर्थ हट्ट, आग्रह. सावरकरांनी तो 'कायदा'साठी सुचवला. आज आपण तो वरून आलेल्या हुकमासाठी वापरतो, आणि असे निर्बंध सर्रास मोडलेही जातात. घाण्याच्या दांडीला हुकूम काढावा लागत नाही.

म्हणून माझं मत 'बंधन'. त्यात बांधणं आहे, आणि बांधलं की ओढ आलीच. यंत्रशास्त्रात नेमकं हेच घडतं: प्रत्येक बंधनासोबत ते टिकवणारं बल येतं, आणि ते मोजायची गणितज्ञ लाग्रांजची गुणकांची रीत त्याच्या १७८८च्या ग्रंथापासून चालत आली आहे. ('ओढ' आणि 'बंधन' जोडीने आले की कवितेचा वास येतो, मान्य. पण इथे उत्तर न्यूटनमध्ये येतं.)

'जॉइंट'साठी नवा शब्द पाडू नका. बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा हे आपण शाळेत शरीराच्या धड्यातच शिकलो. मोकळ्या वस्तूला हालचालीच्या सहा वाटा असतात. उखळीचा सांधा त्यातल्या तीन बंद करतो, बिजागरी पाच. दाराला दोन बिजागऱ्या लावल्या की कागदावर दहा वाटा बंद होतात, पण दार तर फिरतंच. वरची पाच ही 'जादा बंधनं'. ॲडम्स ती सूचना देऊन गणितातून वगळतं. इथे 'जादा मर्यादा' म्हणून पाहा, वाक्य लंगडतं.

'सबरूटीन' तसंच राहू द्या. 'उपक्रम' म्हणालात तर वाचकाला शाळेतलं वृक्षारोपण आठवेल. मी शीर्षक 'स्वतः लिहिलेल्या बंधनाचं सबरूटीन' असं केलं असतं. लांब आहे, पण वर्गात मोठ्याने वाचलं तर कुणी अडखळणार नाही.