पोकळ घेऊ की भरीव? वाचकांचे गिटारचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहतो, वय ३६, दहा-बारा वर्षांपासून अकूस्टिक वाजवतो. आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे, बजेट ४० हजार, त्यातच अ‍ॅम्प पण. मला ती एफच्या आकाराची भोकं असलेली मोठी पोकळ गिटार फार आवडते, जॅझवाला तो गोल मऊ आवाज डोक्यात बसलाय. जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना वाजवायच्या आहेत. पण आमच्या ऑर्केस्ट्रात पण वाजवतो, गणपती-नवरात्रात जवळपास रोज. बर्डीवरच्या दुकानात सॉलिड म्हणजे भरीवच घ्या म्हणाले, मित्र म्हणतो मनाला आवडते ती घे. घरी दोन वर्षांचं लेकरू आहे, वेळ रात्रीच मिळतो. काय करू?

उत्तर : भाऊ, दुकानदार बरोबर बोलला, पण का ते त्याने सांगितलं नसेल म्हणून तुमचा जीव अजून त्या एफ-होलमध्ये अडकून आहे. मी का ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की खाली वेढ्यांत वीज तयार होते, तीच अ‍ॅम्पकडे जाते. म्हणजे पिकअप ऐकते ती तार, लाकूड नाही. मग लाकडाचा काय संबंध? संबंध असा की तार छेडताना तुम्ही तिला जी ताकद दिली ती कुठे खर्च होते ते लाकूड ठरवतं. भरीव ठोकळा हलत नाही, त्यामुळे ताकद तारेतच राहते आणि सूर लांब चालतो. पोकळ गिटारचं वरचं पातळ लाकूड तारेबरोबर थरथरतं, त्यात ताकद जाते, म्हणून सूर सुरुवातीला एकदम भरून येतो आणि लवकर मावळतो. तुम्हाला जो गोल मऊ आवाज आवडतो ना, त्यातला बराच भाग हा लवकर मावळण्याचाच आहे.

आता तुमचीच दुसरी इच्छा पहा. तुम्हाला धुना वाजवायच्या आहेत. हिंदी गाण्याची ओळ गळ्यातून येते, सूर ओढला जातो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, तिथे लांब टिकणारा सूर लागतोच लागतो. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्ड घरातल्या मोठ्या माणसांनी ऐकल्या असतील, विचारून पहा, ती इलेक्ट्रिक हवाईयन गिटार होती, आडवी ठेवून पट्टी सरकवत वाजवायची, आणि तिचा सूर कसा गाणाऱ्यासारखा लांबतो ते एकदा नीट ऐका. हे पोकळ गिटारवर होतच नाही असं नाही, पण तुम्हाला दर ओळीला झगडावं लागेल. जॅझमध्ये भराभर लांब ओळी आणि मधे तुटक कॉर्ड, तिथे लवकर मावळणारा सूर फायद्याचा. म्हणजे तुमच्या डोक्यातला आवाज एका संगीताचा आहे आणि तुमच्या हाताला वाजवायचंय दुसरं संगीत.

आणि तिसरी गोष्ट ऑर्केस्ट्रा, इथे तर प्रश्नच मिटतो. पोकळ गिटार अ‍ॅम्पसमोर जोरात वाजवली की स्पीकरचा आवाज तिच्या पातळ लाकडाला हलवतो, लाकूड तारांना हलवतं, पिकअप ते उचलून परत अ‍ॅम्पला देते, अ‍ॅम्प अजून मोठा आवाज काढतो, आणि हे चक्र सुरू झालं की तुम्ही हात काढून घेतला तरी गिटार स्वतःच हंबरत राहते. वीसेक वर्षांपूर्वी नवरात्रात महालातल्या एका मंडपात मी हे भोगलंय. गिटार मित्राची, सुंदर, लाकडाचा रंग मधासारखा. मागे मंडळाचे बेसचे डबे रचलेले, सिंगर अंतऱ्यात शिरली आणि माझ्या गिटारमधून एकाच सुराचा हूऽऽ असा आवाज निघाला तो वाढतच गेला, तळवा तारांवर दाबून धरला तरी थांबेना, शेवटी व्हॉल्यूम शून्यावर नेला तेव्हा बंद झाला. सिंगर थांबली, लोक पाहून राहिलेत, आणि पुढचा अर्धा कार्यक्रम मी उन्हासाठी आणलेला दुपट्टा एफ-होलमध्ये कोंबून वाजवला. तिच्या गाण्यात माझ्यामुळे खोडा पडला याचं मला आजही वाईट वाटतं. कापड कोंबणं हा उपाय मात्र खरा आहे, ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग पण तेच करायचे, आणि गिब्सन या गिटार कंपनीने १९८० मध्ये त्यांच्या नावाचं ल्यूसिल मॉडेल काढलं तेव्हा ही भोकंच ठेवली नाहीत.

सॉलिड-बॉडी जन्माला आली तीच या त्रासातून. गिब्सनची १९३६ ची ईएस-१५० पोकळच होती कारण तेव्हा बिगबँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या, ट्रम्पेट-सॅक्सोफोनमध्ये गिटार बुडून जायची, तिला नुसतं ऐकू यायचं होतं. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनने १९३९ पासून बेनी गुडमनच्या बँडमध्ये तीच वाजवून गिटारला पुढे आणलं. पण आवाज जसजसा वाढला तसतसं हंबरणं पण वाढलं. मग लेस पॉल या गिटारवादकाने १९४० च्या आसपास चार बाय चार इंचाचा पाइनचा ठोकळा घेतला, त्यावर नेक (गिटारची मान) आणि पिकअप लावली, आणि दिसायला गिटार दिसावी म्हणून एका एपिफोन गिटारचे दोन अर्धे भाग दोन बाजूंना जोडले. फेंडर कंपनीने १९५० मध्ये भरीव गिटार बाजारात आणली जी पुढच्या वर्षी टेलिकास्टर झाली, १९५२ मध्ये गिब्सनची लेस पॉल आली. आणि १९५८ मध्ये गिब्सनने ईएस-३३५ काढली, बाहेरून पोकळ, एफ-होल असलेली, पण आत मधोमध नेकपासून खालपर्यंत मेपलचा भरीव ठोकळा. यालाच सेमी-हॉलो म्हणतात.

तुम्ही म्हणाल मग सेमी-हॉलो घेऊ का. विचार चांगला आहे, आणि बजेट दुप्पट असतं तर मी तेच म्हटलं असतं. पण ४० हजारात अ‍ॅम्प धरायचा आहे, आणि या भावातल्या सेमी-हॉलोत पैसा लाकूडकामात जातो, पिकअप आणि पेग (तारा ताणायच्या खुंट्या) मग बेताचे मिळतात. वर रात्रीचं लेकरू. पोकळ गिटार प्लग न लावताही बोलते, सेमी-हॉलो पण थोडी बोलतेच, सॉलिड जवळपास गप्प असते. हेडफोन लावून वाजवायचं म्हटलं तर पलीकडच्या खोलीत झोपलेल्याला फक्त तारेची किणकिण जाईल.

म्हणून माझं सांगणं : सॉलिड घ्या, टेलिकास्टरच्या घाटाची किंवा यामाहा पॅसिफिका ११२ सारखी जिच्यात ब्रिजजवळ (तारा खाली टेकतात त्या घोडीजवळ) हमबकर म्हणजे दोन वेढ्यांचं, घूं दाबणारं पिकअप आणि पुढे दोन सिंगल-कॉइल म्हणजे एका वेढ्याची पिकअप आहेत. मंडपात अर्थिंग कसं असेल सांगता येत नाही, सिंगल-कॉइल तिथे ५० हर्ट्झची घूं उचलते, तेव्हा हमबकरवर यायचं. आणि तुमच्या आवडत्या आवाजासाठी एक काम करा. नेककडचं पिकअप निवडा, टोनचा नॉब अर्ध्यापेक्षा खाली आणा, आणि ११ नंबरच्या फ्लॅटवाउंड तारा चढवा, म्हणजे ज्यांचा वेढा गोल नसून चपटा असतो आणि बोट सरकवलं तर कर्र आवाज येत नाही. मीही पहिल्यांदा ऐकून थक्क झालो होतो. कॅनडाचा एड बिकर्ट टेलिकास्टरवर असा जॅझ वाजवायचा की डोळे मिटून ऐकलं तर मोठी पोकळ गिटारच वाटावी. जाड तारा चढवल्या की सेटअप करून घ्या, नाहीतर नटमध्ये (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) तार अडकेल आणि ट्यूनिंग सरकत राहील.

घ्यायच्या आधी दुकानात एक परीक्षा करा. आधी प्लग न लावता एक-एक तार छेडून प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) वाजवा, सूर कुठे मरतो, कुठे खरखरतो ते कान लावून ऐका. मग अ‍ॅम्प तुमच्या ऑर्केस्ट्राच्या ड्रमइतका वाढवायला सांगा, समोर हातभर अंतरावर गिटार अ‍ॅम्पकडे तोंड करून धरा आणि तारांवरून हात काढून दहा सेकंद उभे रहा, हंबरते का ते पहा. हीच परीक्षा शेजारच्या पोकळ गिटारवर पण घ्या. दुकानदाराने नको म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जा.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, अंगाने बारीक. तिला क्लासमध्ये लेस पॉलसारखी भरीव गिटार सुचवलीय, पण ती उचलूनच मला भीती वाटली. पोकळ गिटार हलकी असते म्हणतात, तीच घेऊ का? (एक आई, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ताई, भीती बरोबर आहे. लेस पॉल चार-साडेचार किलोपर्यंत जाते आणि तासभर एका खांद्यावर टांगली की मोठ्या माणसाची पण पाठ बोलते. पण पोकळ गिटार वजनाला हलकी असली तरी अंगाला मोठी, त्यातल्या पुष्कळ रुंदीला १६ इंच असतात, उजवा हात त्यावरून नेताना खांदा वर उचलावा लागतो आणि लहान अंगाच्या मुलांना ते वजनापेक्षाही जास्त जड जातं. टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टर घाटाची सव्वातीन-साडेतीन किलोची गिटार घ्या, स्ट्रॅटला तर बरगडीशी लागते तिथे लाकूड खोलगट कापलेलं असतं. पट्टा रुंद घ्या, तळहाताएवढा. आणि खरेदीला मुलीला न्याच, तिला उभं राहून वीस मिनिटं वाजवू द्या, मग तिलाच विचारा, कारण रोज हातात ती धरणार आहे.

प्रश्न : माझ्याकडे पूर्ण पोकळ आर्चटॉप (वरचं पान फुगीर असलेली गिटार) आहे. मागच्या मेमध्ये कूलरच्या खोलीत ठेवली होती, पावसाळ्यात अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) पार बदलली, फ्रेटची टोकं हाताला लागतात, आणि तारा बदलल्या तर सूरच बिघडला. गिटार खराब आहे का? (धरमपेठ)

उत्तर : गिटार खराब नाही, आपली हवा कठीण आहे. मेमध्ये ४५ च्या वर ऊन, हवा कडकडीत कोरडी, आणि तुम्ही तिला ठेवलं वाळ्याच्या ताटीसमोर जिथून ओली हवा थेट अंगावर येते. दिवसभर ओलं, कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं, मग जूनमध्ये एकदम पाऊस. लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरडेपणाने आकसतं, आणि पोकळ गिटारचं वरचं पातळ पान हे सगळ्यात आधी भोगतं. फ्रेट बाहेर आलेले नाहीत, उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसला म्हणून धातूची टोकं उघडी पडलीत. कारागीर बारीक कानशीने ती गोल करून देईल, छोटं काम आहे.

वरचं पान प्लायचं असेल, म्हणजे थर चिकटवलेलं, तर काळजी कमी. अखंड स्प्रूस कोरलेलं असेल तर मात्र जपा. खोलीत दमट-कोरडं दाखवणारा छोटा मीटर टांगा, ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिलं की बस. वाजवून झाली की केसमध्ये ठेवा, केस बंद करा, आणि ती केस कूलरच्या झोतात नको, बाहेरच्या तापलेल्या भिंतीला टेकून नको, दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, तिथे सरस सुटतो.

सूर बिघडण्याचं कारण वेगळं आहे आणि ते तुमच्या हातून झालंय. आर्चटॉपमध्ये पुष्कळदा ब्रिज चिकटवलेला नसतो, नुसत्या तारांच्या दाबाने जागेवर बसलेला असतो. तुम्ही सहाही तारा एकदम काढल्या असतील, ब्रिज सरकला. आता जागेवर असा आणा : पातळ तारेला १२ व्या फ्रेटवर न दाबता बोट नुसतं टेकवून छेडा आणि तो हार्मोनिक ऐका, मग तीच तार १२ व्या फ्रेटवर दाबून ऐका. दाबलेला सूर चढा लागला तर ब्रिज शेपटीकडे केसभर सरकवा, उतरता लागला तर नेककडे. मग जाड तारेवर तेच करा, दोन-तीनदा इकडून तिकडे जावं लागेल. जमलं की ब्रिजच्या दोन्ही पायांशी पेन्सिलने बारीक खूण करा, आणि पुढच्या वेळी तारा एक काढली की एक चढवायची, मगच दुसरी.