अमेरिकेत सरकार ‘फेअर मार्केट रेंट’ कसं ठरवतं? तेवढ्या भाड्यात घर तर मिळत नाही

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या शहरात सरकारी यादीत टू-बेडरूमचं ‘फेअर मार्केट रेंट’ 1,800 डॉलर दाखवतात, पण ती फोन करते तिथे 2,200 च्या खाली कुणी बोलतच नाही. सगळ्या भाड्यांची सरासरी काढली असेल तर एवढी तफावत कशी, असा तुमचा प्रश्न आहे.

मुळात ती सरासरी नाहीच.

मी न्यू जर्सीत राहते. व्हाउचरवर, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी मदतीवर, घर शोधणाऱ्या कुटुंबांना अर्ज भरायला, घरमालकांना फोन करायला दर शनिवारी मदत करते, त्यामुळे या आकड्याशी माझी नेहमीचीच गाठ आहे. तो काढतं केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं, इथे सगळे त्याला ‘हड’ म्हणतात. नवे आकडे दर वर्षी 1 ऑक्टोबरपासून लागू होतात. आपल्या रेडी रेकनरशी याची गल्लत करू नका. तो मुद्रांक शुल्कासाठी मालमत्तेची किंमत ठरवतो. हा आकडा घरमालकाला बांधतही नाही, त्याला हवं ते भाडं तो मागू शकतो. यावरून ठरतं ते एवढंच की व्हाउचर असलेल्या कुटुंबासाठी सरकार कुठपर्यंत हात देणार. व्हाउचर देणारी स्थानिक सरकारी संस्था, म्हणजे हाउसिंग ऑथॉरिटी, आपली मर्यादा साधारणपणे या आकड्याच्या 90 ते 110 टक्क्यांत ठेवते. कुटुंब आपल्या उत्पन्नाच्या सुमारे 30 टक्के भरतं आणि त्या मर्यादेपर्यंतची बाकी रक्कम सरकार देतं.

आता व्याख्या. नुकतंच घर बदललेले भाडेकरू साध्या, राहण्यालायक घरासाठी वीज-गॅस-पाण्यासकट जे देतात, त्याचा 40 वा पर्सेंटाइल. सीईटीच्या निकालामुळे पर्सेंटाइल आपल्याला नवा नाही. दहा घरं भाड्याच्या चढत्या क्रमानं रांगेत उभी करा, चौथ्या घराच्या आसपास हा आकडा येतो. म्हणजे दहातली सहा घरं त्याहून महाग असणार, हे गृहीतच धरलंय. पूर्वी 45 वा पर्सेंटाइल घेत, 1995 मध्ये तो 40 वर आणला. पैसे वाचवण्यासाठी केलेली ती काटछाट मला आजही अन्यायाची वाटते, कारण तेवढ्या बदलानंही कितीतरी घरं रांगेत पलीकडे जातात.

आणखी एक गोष्ट तपासा. बहिणीला सांगितलेले 2,200 लाइटबिल धरून की सोडून? सरकारच्या आकड्यात वीज, गॅस, पाणी धरलेलं असतं. फोन, केबल, इंटरनेट नाही. बिलं वेगळी असतील तर खरी तफावत तुम्हाला वाटते त्याहून मोठी आहे.

ही भाडी सरकारला कळतात कशी? जनगणना खातं ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ नावाची पाहणी वर्षभर चालवतं. दर वर्षी सुमारे 35 लाख पत्ते निवडतात. आमच्या शेजारच्या आजींकडे तो फॉर्म आला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरायला मदत केली. महिन्याचं भाडं किती, गेल्या महिन्याचं विजेचं बिल किती, गॅसचं किती, गेल्या 12 महिन्यांत पाण्यासाठी किती भरले. आजी बिस्किटांच्या डब्यातून एकेक बिल काढून चष्म्याजवळ नेत होत्या. मग प्रश्न आला, या घरात कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी राहायला आलात? त्यांना 19 वर्षं झाली होती.

सगळी मेख त्या एका प्रश्नात आहे. आजींचं भाडं आजच्या बाजाराच्या मानानं फारच कमी, कारण जुन्या भाडेकरूचं भाडं हळूहळू वाढतं. घर आज शोधणाऱ्याला त्या भाड्याचा काय उपयोग? म्हणून ‘नुकतंच आलेले’ वेगळे काढावे लागतात. पण एखाद्या छोट्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) असे टू-बेडरूमवाले पाहणीत सापडणार किती? मूठभर. त्यावरून काढलेला आकडा एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली असा हेलकावत राहील.

म्हणून हडचा रस्ता वळणाचा आहे. आधी 5 वर्षांची उत्तरं एकत्र करून टू-बेडरूमचं मूळ भाडं काढतात. ज्या घरांत पूर्ण स्वयंपाकघर किंवा नळ-संडासाची सोय नाही, भाड्यात जेवण धरलंय किंवा घराबरोबर दहा एकर जमीन आहे, ती वगळतात. सरकारी अनुदानामुळे फारच स्वस्त असलेली घरंही बाजूला काढतात. आकड्यातली संभाव्य चूक त्या आकड्याच्या निम्म्याहून मोठी निघाली तर त्या काउंटीऐवजी मोठ्या प्रदेशाचा आकडा घेतात. मग नुकतंच आलेल्यांचं भाडं मूळ भाड्याच्या किती पट आहे ते काढून त्या पटीनं गुणतात. ही पट 1 च्या खाली जाऊ देत नाहीत. स्टुडिओपासून चार बेडरूमपर्यंतचे बाकीचे आकडे टू-बेडरूमच्या प्रमाणात निघतात.

एवढं करूनही हातात येतं ते जुनंच भाडं. 2025 च्या आर्थिक वर्षाचे आकडे 2018 ते 2022 च्या उत्तरांवर उभे होते. तिथून पुढे महागाई निर्देशांकातल्या भाड्याच्या वाढीनं ते ओढत आणतात आणि शेवटचा टप्पा अंदाजानं पार करतात. भाडी संथ वाढत असतील तर हे जमून जातं. 2021-22 सारखी उसळी आली की आकडा मागे राहतो. 2020 मध्ये तर कोविडमुळे पाहणीच धड झाली नाही, आणि पुढे 2023 च्या आकड्यांसाठी हडनं खासगी कंपन्यांची भाड्याची माहितीही वापरायला घेतली. ते योग्यच झालं असं मला वाटतं, कारण उशिराची किंमत व्हाउचर घेऊन फिरणारा माणूस मोजतो.

दोन मुलांची एक आई माझ्याकडे यायची. वहीत घरमालकांची नावं, प्रत्येकापुढे भाडं, आणि जवळजवळ प्रत्येक नावावर काट. व्हाउचर मिळाल्यावर घर शोधायला किमान 60 दिवस देतात; तिचे 41 गेले होते. चांगल्या शाळेजवळची सगळी घरं मर्यादेच्या वर, आणि मर्यादेत बसणारी सगळी एकाच कोपऱ्यात. संपूर्ण महानगराला एकच आकडा लावला की असंच होतं. यावर तोडगा म्हणून झिप कोडनुसार (तिथला पिन कोड) वेगळे आकडे काढतात. 2016 च्या नियमानं ते 24 महानगरांत सक्तीचे केले, नंतर त्यात आणखी महानगरांची भर पडली, बाकीकडे हाउसिंग ऑथॉरिटी आपणहून स्वीकारू शकते. आमच्या इथल्या हाउसिंग ऑथॉरिटीनं तेव्हा ते स्वीकारले नव्हते. तिला मुदतवाढीचा अर्ज मी लिहून दिला, ती मिळाली, आणि घर मिळालं ते 83 व्या दिवशी.

तुमच्या बहिणीकडे व्हाउचर असेल तर तिनं हाउसिंग ऑथॉरिटीच्या ऑफिसात तीन गोष्टी विचाराव्यात: मर्यादा या आकड्याच्या किती टक्के ठेवली आहे, झिप कोडचे आकडे वापरता का, आणि मुदतवाढीचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा. आकडाच चुकीचा आहे असं हाउसिंग ऑथॉरिटीला वाटलं तर ती हडकडे फेरविचार मागू शकते, मात्र त्यासाठी नुकत्याच राहायला आलेल्या भाडेकरूंची पाहणी आपल्या खर्चानं करून द्यावी लागते. हडच्या वेबसाइटवर प्रत्येक भागाचा हिशोब पायरीपायरीनं मांडलेला असतो. काउंटीचं नाव आणि किती बेडरूम हवेत ते खाली लिहा, मी उघडून बघते आणि आकडा कुठल्या पायरीवर मागे पडलाय ते सांगते.