निसान वन टनमध्ये डिझेल इंजिन: काढण्याआधी काय मोजायचं

तुमच्याकडे १९७२ ची, लष्कराच्या लिलावातून आलेली निसान वन टन (एक टन भार नेणारा छोटा लष्करी ट्रक) आहे. पेट्रोल इंजिन धूर काढतंय, लिटरला तीन किलोमीटर देतंय, आणि मिस्त्री म्हणतोय की टाटा ६९७ हे डिझेल इंजिन बसवून देतो. टाकावं का, असा तुमचा प्रश्न. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि तिच्यात मी टाटाचंच ४९७ बसवलंय, म्हणून सरळ सांगतो. ६९७ टाकू नका. दुसरं कुठलंही डिझेल टाकायचं असेल तरी जुनं इंजिन नीट तपासल्याशिवाय हलवू नका. एकदा ते भंगारात गेलं की परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

निसानचं हे पी इंजिन म्हणजे सरळ ओळीत सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ११४.३. जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेल्या जोंगा या लष्करी जीपलाही हेच होतं. स्ट्रोक लांब असल्यामुळे अगदी खालच्या आरपीएमला ते ओढतं. लो रेंज (वेग कमी करून ओढ वाढवणारा जास्तीचा गिअर) आणि पहिला गिअर टाकून भाताच्या खाचरातून गाडी काढली, तर ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवताही ती चालत राहते. डिझेल टाकल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण त्या शांत ओढीची येते.

म्हणून आधी धुराचा रंग बघा. काळा असेल तर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल पाजतोय, आणि तुमचे तीन किलोमीटर बहुतेक तिथेच चाललेत. निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन गरम करून सहाही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजून घ्या. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर गेलेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेले दिसले तर आधी हेड गॅस्केट बघा. व्हॉल्व्हचं काम निघालं तर हेड उतरवून आठवड्यात होतं. रिबोअर, ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग असं पूर्ण काम निघालं, तरी इंजिन बदलण्यात जे पैसे आणि महिने जातात त्यापेक्षा ते कमीच पडतं.

दुसरी गोष्ट कागदांची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. पेट्रोलची डिझेल करणं आणि इंजिन नंबर बदलणं, दोन्ही त्यात येतं. इंजिन विकत घेण्याआधी आरटीओकडे लेखी अर्ज करा, तोंडी होकारावर जाऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी कागदच बघते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियमही आणलेत: ५० वर्षांवरची, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अट ही की चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं. तुमची गाडी १९७२ ची असल्यामुळे हा रस्ता उघडा असू शकतो. इंजिन बदललंत की तो बंद झाला. मात्र ५० वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात आणि लष्करी गाडीची मुलकी नोंदणी लिलावानंतरची असते, तेव्हा आरसीवरची तारीख आधी बघून घ्या. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. शेतावर रोज न्यायची असेल तर तो विचार सोडा.

एवढं सगळं पाहूनही डिझेलच हवं असेल, तर ६९७ का नको ते सांगतो. या टाटा इंजिनांच्या नावातच पहिला आकडा सिलिंडरचा आणि पुढचे दोन बोअरचे. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १२८ स्ट्रोक, ३७८३ सीसी. ६९७ मध्ये तेच सहा, ५६७५ सीसी. ते मोठ्या ट्रकचं इंजिन आहे. त्याचं वजन पुढच्या पाट्यांवर येतं, लांबीमुळे रेडिएटर पुढे सरकवावा लागतो, आणि त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) तुमच्या गिअरबॉक्सने कधी पाहिलेला नाही. लो रेंजमध्ये चाक अडकलं आणि क्लच सोडला की कुठला तरी दात जाणारच. ४९७ ची सीसी मूळ इंजिनाच्या जवळ आहे. १९९६ च्या सुमारास जबलपूरच्या कारखान्याने नागरी बाजारासाठी जोंगात अशोक लेलँडचं हिनो डिझेल बसवलं होतं. चार सिलिंडरचं चांगलं हिनो मिळालं तर तेही चालेल.

डिझेलचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग रोखणारा भाग, २८०० आरपीएमच्या आसपास अडवतो, पेट्रोल त्याच्या वर चढतं. गाडी किती पळणार ते आधी काढा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) खडूची खूण करा, आणि ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्ट जितके फेरे घेईल तेच तुमचं डिफरन्शिअलचं गुणोत्तर. समजा साडेसहा आलं आणि टायरचा परीघ २.७५ मीटर निघाला, तर टॉप गिअरला २८०० वर ताशी ७१ किलोमीटर. बस. त्यावर इंजिन ओरडत राहील. हायवेवर ऐंशीने जायचं स्वप्न असेल तर इंजिनासोबत गिअरिंगचाही खर्च धरा.

आता ॲडॅप्टर प्लेट. माझं इथेच चुकलं, म्हणून जास्त लिहितो. ४९७ चं फ्लायव्हील हाउसिंग (इंजिनामागचं कवच) आणि निसानचं बेल हाउसिंग (गिअरबॉक्सपुढचं कवच) जुळत नाही, मध्ये प्लेट करावी लागते. मी ती एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. त्यांनी पुठ्ठ्यावर भोकं उमटवून प्लेट कापली, बोल्ट सगळे छान बसले, गाडी सुरू झाली, आणि मी खूश होतो. हजारभर किलोमीटरनंतर उतारावर पाय काढला की चौथा गिअर आपोआप सुटायला लागला. गिअरबॉक्स दोनदा खोलला. सिंक्रो बदलला, बेअरिंग बदललं, तरी तेच. शेवटी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क टर्नरने गिअरबॉक्सला हातच लावला नाही. तो उतरवून बाजूला ठेवायला लावला, फ्लायव्हीलवर डायल गेजचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) मॅग्नेट बसवला, टोक बेल हाउसिंगच्या मधल्या बोअरला टेकवलं आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायला सांगितलं. काटा एका फेरीत ०.६० मिमी हलला. म्हणजे क्रँकची मध्यरेषा आणि गिअरबॉक्सची मध्यरेषा ०.३० ने सरकलेली. इनपुट शाफ्ट प्रत्येक फेरीला वाकडा ओढला जात होता आणि गिअर बाहेर ढकलला जात होता.

त्याने डॉवेल (प्लेटची जागा पक्की धरणाऱ्या पिना) काढले, बोल्टची भोकं जरा मोकळी केली, गेजकडे बघत लाकडी हातोडीने प्लेट सरकवली, ०.१२ वर आणली, आणि तिथेच नवे डॉवेल रीमर करून ठोकले. त्या दिवसापासून गिअर सुटलेला नाही. काट्याची पूर्ण हालचाल ०.२५ च्या आत हवीच. प्लेटच्या सपाटीवरही गेज फिरवा, आणि क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग निसानच्या शाफ्टच्या मापाचं बुश करून घ्या. बोल्ट जागा धरत नाहीत, डॉवेल धरतात. मिस्त्री डायल गेजशिवाय प्लेट करतो म्हणाला, तर त्याला काम देऊ नका.

इंजिन अंदाजाने ठेवल्यावर संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि पुढचं डिफरन्शिअल यातलं अंतर बघा. गाडी उभी असताना बोटभर जागा दिसते, पण खड्ड्यात पाटे दबले की हाउसिंग वर येतं. मी गणपतीच्या शाडूचा गोळा डिफरन्शिअलवर चिकटवला, गाडीत वाळूची पोती भरली आणि बांधावरून एक चाक चढवून आडवी उभी केली. खाली येऊन पाहिलं तर गोळ्याची जेमतेम चार मिलिमीटरची चकती उरली होती. संप कापून उथळ करावा लागला. हे सगळं इंजिनाचं माउंटिंग पक्कं वेल्ड करण्याआधीच करा.

बाकीचं थोडक्यात. डिझेलच्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नसतो. ब्रेकला सर्व्हो (व्हॅक्यूमवर चालून ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) असेल तर अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप बसवल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका. टाकीला परतीची नळी जोडा आणि टाकी आतून साफ करून घ्या, नाहीतर पन्नास वर्षांचा गंज फिल्टरमध्ये येईल. गाडी १२ व्होल्टची की २४ ची ते स्टार्टर घेण्याआधी पाहा. चार सिलिंडरचं डिझेल थरथरतं, तेव्हा माउंटिंगला जाड रबर घाला. माझ्या रेडिएटरची खालची टाकी दोनदा फुटली ती यामुळेच.

आधी कॉम्प्रेशनचे सहा आकडे, ऑइल टाकून आणि न टाकता, घ्या. टायरचा परीघ आणि डिफरन्शिअलचं गुणोत्तरही कळवा. ते आल्यावर इंजिन ठेवायचं की काढायचं ते बसून ठरवू. तोवर मिस्त्रीला ६९७ चा बयाणा देऊ नका.