जर्मनीत ‘डिव्हर्स’, भारतीय पासपोर्टवर ‘एफ’

प्रश्न : जन्म सांगलीचा, चार वर्षं श्टुटगार्टमध्ये ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, नोकरी. मी स्वतःला स्त्री मानत नाही, पुरुषही नाही. जर्मनीत लिंगाच्या रकान्यात ‘डिव्हर्स’ (स्त्री-पुरुषांपलीकडची) अशी नोंद करून घेता येईल का? पासपोर्ट भारताचा आहे. यामुळे ब्लू कार्ड तर जाणार नाही ना? नाव बदलावं लागेल का?

उत्तर : तुमचं मूळ पत्र दोनदा वाचलं. दोन पानांत एकही ‘आले’ किंवा ‘आलो’ नाही. सगळीकडे ‘मला वाटतं’, ‘माझ्याकडून राहिलं’. मराठीत असं लिहायला किती जपावं लागतं, ते जाणवलं. म्हणून आधी उत्तर सांगते : हो, नोंद होते.

१ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे नवा स्वनिर्णय कायदा लागू आहे. १९८० च्या जुन्या कायद्यात कोर्टाची पायरी चढावी लागे, वर दोन तज्ज्ञांचे अहवाल. आता डॉक्टरचा कागद लागत नाही. ही नोंद माझ्या ओळखीशी जुळते आणि परिणाम मला ठाऊक आहेत, एवढं तुमचं निवेदन पुरतं. परदेशी नागरिकांमध्ये ब्लू कार्डधारकांचा कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. ते कार्ड तुम्हाला नोकरी आणि पगारावर मिळालंय. लिंगाच्या नोंदीपायी ते जात नाही.

खरी अडचण पासपोर्टची. जर्मनीतल्या निवेदनाने भारतीय पासपोर्टवरचं ‘एफ’, म्हणजे ‘स्त्री’, बदलत नाही, त्यामुळे काही काळ दोन देशांचे कागद दोन गोष्टी सांगतील. विमानाचं तिकीट पासपोर्टप्रमाणेच काढा. आणि म्हणूनच नावाला हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं नाव मुलगा-मुलगी दोघांनाही ठेवतात. ‘डिव्हर्स’ नोंदीबरोबर तेच पुढे चालू ठेवता येतं. नावातही फरक पडला, तर बँकेपासून विमानतळापर्यंत प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागेल.

नोंद एकदा झाली की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही. सांगलीचा जन्मदाखला मराठीत असेल, तर शपथबद्ध अनुवादकाकडून त्याचं जर्मन भाषांतर आत्ताच करून घ्या. श्टांडेसअम्टला, म्हणजे तिथल्या नोंदणी कार्यालयाला, आधी पूर्वसूचना द्यायची, तीन महिने थांबायचं, मग तिथेच स्वतः हजर राहून निवेदन करायचं. पूर्वसूचनेपासून सहा महिन्यांत गेला नाहीत, तर ती बाद होते. पूर्वसूचना तोंडीही चालते, पण तुम्ही लेखीच द्या आणि तारखेची पोच मागून घ्या.