दोन डेंटल कॉलेजं, निवडायचं कोणतं?

प्रश्न : डॉक्टर, मला दोन डेंटल कॉलेजांत प्रवेश मिळतोय. पहिलं नवं आणि नावाजलेलं आहे. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र फँटम हेड (सरावासाठीचं, प्लास्टिकचे दात बसवलेलं कृत्रिम डोकं), समोर स्क्रीन, दात स्कॅन करायची यंत्रं, सगळं आहे. फी मात्र जवळजवळ दुप्पट, त्यामुळे मोठं कर्ज काढावं लागेल. दुसरं जुनं आहे. प्रयोगशाळा साधी, खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं, पण बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग असते. आईबाबा म्हणतात, कर्जाची काळजी करू नकोस, नाव बघ. मला पुढे ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याचं पदव्युत्तर शिक्षण, करायचं आहे. दहा दिवसांत कळवायचंय आणि मला झोप लागत नाही.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुझ्या वयाची असताना मीही याच पेचात होते आणि चुकले होते.

आधी एक गोष्ट उरकून टाक. जिथे पुढे प्रॅक्टिस करायची आहे, तिथे या दोन्ही पदव्यांवर नोंदणी मिळते ना? एखाद्या पदवीबद्दल शंका असेल तर ते कॉलेज यादीतून काढ, बाकीचं काही बघूच नकोस.

आता फँटम हेड. ते हवंच. आरशात उलटं दिसत असताना वरच्या दाढेवर काम करणं, पायाखालचं पेडल, मिनिटाला तीन लाख फेऱ्यांच्या घरात फिरणारा एअरोटर (दात कोरायचं यंत्र) आवरणं, हे सगळं आधी तिथेच शिकायचं. पण फँटमला जीभ मध्ये आणता येत नाही, त्याला लाळ सुटत नाही, भूल कमी पडली तरी तो दचकत नाही. त्याचे प्लास्टिकचे दात बहुधा आतून-बाहेरून सारखेच लागतात. खऱ्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कवच, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. ते ओलांडून एअरोटरचं टोक (बर) आतल्या मऊ थरात, डेंटिनमध्ये, शिरलं की हाताला एकदम फरक कळतो. किडलेलं डेंटिन तर एक्सकॅव्हेटरने, म्हणजे हाताने खरवडायच्या छोट्या चमच्याने, ओल्या सालीसारखं निघतं. कुठे थांबायचं, हे तुझ्या बोटांना तिथे कळतं. कितीही मोठी स्क्रीन हे शिकवत नाही.

मी इमारत बघून कॉलेज निवडलं होतं. तिसऱ्या वर्षी आम्ही ॲप्रन घालून रुग्णांची वाट बघत बसायचो. पदवी हातात पडली तेव्हा मी स्वतः पूर्ण केलेली कवळी एकच होती, आणि तीही खालून सैल. त्या आजी मला काही बोलल्या नाहीत, रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या. तो रुमाल मला आजही आठवतो. पुढची दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या दवाखान्यांत, जवळजवळ फुकट, कॉलेजने द्यायला हवा होता तो सराव करत होते.

म्हणून आता बघायचं ते हे, की तुझ्या हातून किती कामं पूर्ण होतील. रांगेला भुलू नकोस. रांगेतले निम्मे लोक नुसत्या तपासणीला किंवा दात काढायला आलेले असू शकतात. अंतिम वर्षाच्या मुलांना गाठ. दाढेचे रूट कॅनाल किती झाले, संपूर्ण कवळ्या किती, लहान मुलांचे दात किती, हे आकड्यात विचार. कवळीसाठी रुग्णाला निदान पाच वेळा यावं लागतं : पहिलं माप, दुसरं माप, जबड्यांचा मेळ, मेणातली चाचणी, मग बसवणं. तो मध्येच यायचा थांबला तर तुझी केस अडकते आणि कोटा, म्हणजे पूर्ण करायच्या कामांचा ठरलेला आकडा, तसाच राहतो. तेव्हा रुग्ण कॉलेज देतं की विद्यार्थीच शोधत फिरतात, हे विचारायला लाजू नकोस. अवघड केसेस पदव्युत्तर विद्यार्थी उचलून नेतात का, हेही विचार. जुन्या, मोठ्या कॉलेजांत हे सर्रास होतं.

सगळ्यांत जास्त बघ ते खुर्चीशेजारी कोण उभं असतं. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं. त्याआधी ही विद्या बहुतेक जण एखाद्या जाणत्याच्या हाताखाली राहूनच शिकत. कॉलेजं आली तरी खरं शिक्षण अजून तसंच होतं. शिक्षक कोरलेल्या खड्ड्यात प्रोब (टोकदार सळई) फिरवून 'इथे कड राहिली आहे' म्हणतात की दुपारी चारला वह्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करतात? एका सहीसाठी रुग्ण तोंड उघडं ठेवून अर्धा तास पडून राहतो का? एक पूर्ण दिवस क्लिनिकमध्ये बसून हे बघ. जाता जाता निर्जंतुकीकरणाच्या खोलीतही डोकाव. ती खोली कॉलेजची खरी शिस्त सांगते.

कर्जाबद्दल मी आईबाबांशी सहमत नाही. फीवर उपकरणांचा खर्च येतोच, आणि हप्ता सुरू झाला की पहिली नोकरी तोच निवडतो. ऑर्थोडॉन्टिक्सच्या जागा थोड्या, स्पर्धा तीव्र. त्यासाठी आणखी काही वर्षं कमी कमाईत काढायची ताकद राखून ठेवावी लागते. कर्जापायी ते स्वप्न पुढे ढकलणारी किती तरी हुशार मुलं मी पाहिली आहेत.

तू लिहिलंस त्यावरून माझा कौल जुन्या कॉलेजला. मात्र तिथे सह्या न बघता होत असतील, तर फाटक्या रेक्झिनला मी साधेपणा म्हणणार नाही. मग नव्या कॉलेजात रुग्ण किती येतात ते याच पद्धतीने तपास आणि मला पुन्हा लिही. दहा दिवस पुरेसे आहेत.

प्रश्न : मी डावखुरा आहे. डेंटिस्ट होता येईल का? कॉलेज निवडताना काय बघू?

उत्तर : जरूर होता येईल. माझ्या विद्यार्थ्यांतले दोघे डावखुरे होते, आणि त्यातल्या एकीचे रूट कॅनाल मी इतरांना दाखवायला बोलवत असे. अडचण हाताची नसते, खुर्चीची असते. बहुतेक युनिट्समध्ये (खुर्ची आणि तिला जोडलेली यंत्रं) हँडपीसचा, म्हणजे हातात धरायच्या यंत्रांचा, ट्रे आणि सहायकाची जागा उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या सोयीने असते. तिथे तू वाकडा बसून काम करत राहिलास तर तिसऱ्या वर्षातच मान आणि कंबर धरेल. दोन्ही बाजूंना फिरवता येणारी युनिट्स किती आहेत आणि ती डावखुऱ्या विद्यार्थ्यांना नेमून देतात का, हे प्रवेशाआधी विचार. शक्य असेल तर त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर पाच मिनिटं बसून, आरसा उजव्या हातात धरून बघ.