पोच हातात आल्याशिवाय विळा लावू नका

भाऊ, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात जांबोटीकडच्या तुमच्या शेताचे फोटो बघितले आणि घास उतरेना. तीन रात्रींत डुकरांनी लोळवलेलं भात, बांधापलीकडे उकरलेली रताळी, आणि तुमचा प्रश्न: राहिलेलं कापून घेऊ का, वनखात्याकडे अर्ज करून काही भरपाई मिळते का? सहा वर्षांपूर्वी आम्हीही हेच विचारत फिरत होतो. उतारा, आधार, पासबुक हे कोणीही सांगेल, ते सोडते.

आमच्याकडे गवे होते. भीमगड अभयारण्य 2011 साली झालं. आमचं गाव त्याच्या हद्दीत नाही, पण जनावराला हद्द कुठली कळते! लोंब्या भरलेलं दीड एकर भात, त्यातलं निम्म्याहून जास्त एका आठवड्यात तुडवलं आणि खाल्लं. सासरे रात्र रात्र माळ्यावर बसायचे, डबे वाजवायचे. गवा बॅटरीच्या उजेडाकडे नुसता बघत उभा राहतो.

अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसाने कागद घेतला आणि म्हणाला, "साहेब बघायला येतील, तोवर शेताला हात लावू नका." पोच मागितली तर "इथे पोच देत नाही" म्हणाला. आम्ही मान डोलावून परत आलो. चूक इथेच झाली. अकरा दिवस कोणी आलं नाही. दोनदा गेलो, दोनदा "उद्या". बाराव्या दिवशी आभाळ भरून आलं, उभं भात भिजलं तर उगवणार, म्हणून सगळं कापून काढलं. चौदाव्या दिवशी साहेब आले. रिकाम्या शेतात उभे राहून म्हणाले, "नुकसान कुठे आहे?" अर्ज कधी दिला याचाही पुरावा नव्हता. एक पैसा मिळाला नाही.

अठरा पोत्यांच्या जागी पाच पोती घरात आली. सहा माणसांना फेब्रुवारीपासून तांदूळ विकत. बियाणं विकत. बैलांना पिंजर (भाताचा पेंढा) पुरलं नाही, तेही विकत. भरपाई मिळाली असती तरी ती भाताची. पिंजराचा आणि जागरणाचा हिशोब कोण करतो? त्या खिडकीवरच्या माणसाचा राग मला अजून येतो. त्याला फक्त एक शिक्का मारायचा होता.

म्हणून माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. वनखात्याची ई-परिहार ही ऑनलाइन सोयही आहे, तिथे नोंद झाली तर नंबर मिळतो. कापायचंच असेल तर बाकीचं कापा, पण सगळ्यात जास्त लोळलेला पट्टा उभा ठेवा आणि असं करतोय हे अर्जातच लिहा. फोटोत तारीख आणि लोकेशन येऊ द्या, बांधावरचं एखादं झाडही येऊ द्या, म्हणजे शेत तुमचंच हे दिसतं. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसाचं काम आत्ताच सुरू करा, पुढच्या वर्षी तरी अडणार नाही. नियम बदलत असतात, तेव्हा आजचं तिथेच विचारून घ्या. मी वकील नाही.

कोणी सांगेल, घरच्या लाइनचा करंट तारेत सोडा. अजिबात नको. गुन्हा तर आहेच, आणि सकाळी पाण्याला निघालेलं आपलंच माणूस त्या तारेला लागतं. सोलर कुंपण चालतं, कारण त्यात थांबून थांबून झटका बसतो. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून फुटाच्या आतच हवी, आणि तिला लागलेलं गवत दर आठवड्याला कापायला हवं, नाहीतर करंट जमिनीत जातो. जुन्या साड्या बांधून आम्हाला आठवडाभर गुण आला, मग डुकरं सरावली. आणि रताळी रानाकडेच्या तुकड्यात लावू नका, डुक्कर आधी तिथेच उकरतं.

आज ऊन आहे तोवर फोटो काढून ठेवा. अर्ज कन्नडमध्ये लिहायला कोणी नसेल तर मला मेसेज करा, माझी मुलगी लिहून देईल.